टीव्हीवर काय ठेवावं: 'ओरिजिनल', 'झूम' की 'फुल'?

नागपुरात नवा टीव्ही भिंतीवर चढला की तक्रार ठरलेली: "पैसे पूर्ण पडद्याचे दिले नं, मग बाजूला काळं कशाला?" टीव्ही बसवायला आलेला पोरगा रिमोटवर चित्राचा आकार 'फुल' करून देतो. मामाजी खूश. आणि तेव्हापासून लग्नाच्या कॅसेटमधले सगळे जाडे दिसतात.

आजचा टीव्ही १६:९ आकाराचा असतो, म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची ९. जुन्या दूरदर्शन मालिका आणि नव्वदच्या दशकातली लग्नं ४:३ मध्ये आहेत, तर बरेचसे सिनेमे २.३९:१, म्हणजे टीव्हीपेक्षाही रुंद.

'फुल' किंवा 'स्ट्रेच' ४:३ चित्राची रुंदी एक तृतीयांशाने ताणतं. काही कापलं जात नाही, पण चेंडू अंड्यासारखा होतो. मी तरी हे कधीच निवडणार नाही.

'झूम' आकार बिघडवत नाही, पण ४:३ चित्राची उंची पाव भाग कापतं. डोकी वरून जातात, खालची अक्षरं खालून. २.३९ चा सिनेमा झूम केला तर कात्री दोन्ही बाजूंना लागते. दोन टोकांना उभी राहून बोलणारी माणसं अर्धी दिसतात. क्रिकेट आधीच १६:९ मध्ये येतं, तिथे झूम म्हणजे धावफलक गमावणं.

मग झूम कधी? जुन्या व्हीसीडीवरचा सिनेमा चारही बाजूंनी काळा, मध्ये खिडकीएवढा दिसतो तेव्हा. तिथे बिनधास्त वापरा, कापलं जातं ते बहुतेक काळंच असतं.

एरवी 'ओरिजिनल', म्हणजे चित्र न ताणता, न कापता, उरलेली जागा काळी. हिशेब मात्र माहीत असू द्या: ४३ इंची टीव्हीवर ४:३ चित्र सुमारे ३५ इंचांचं उरतं. जुन्या २१ इंची डब्यापुढे तेही ऐसपैसच. फक्त ओएलईडी टीव्हीवर रोज तासन्‌तास असं बाजूच्या काळ्या पट्ट्यांसह पाहिलं तर मधला भाग आणि कडा असमान झिजू शकतात.

खरी गोची पेन ड्राइव्हवर उतरवून आणलेल्या कॅसेटची. उतरवतानाच कुणी चित्र ताणून १६:९ केलं असेल, तर टीव्हीला ते कळायला मार्ग नाही. 'ओरिजिनल' ठेवूनही नवरदेव रुंदच. अशा वेळी टीव्हीवर '४:३' निवडा, चित्र दाबून परत जागेवर येतं. थाळी, गाडीचं चाक, काहीतरी गोल शोधा. ते गोल दिसलं की जमलं. सेट-टॉप बॉक्सचंही तसंच. त्याच्या मेन्यूत वेगळं सेटिंग असतं आणि ते 'फुल'वर असेल तर बॉक्स आधीच ताणलेलं चित्र पाठवतो. बॉक्सला 'पिलर बॉक्स' (४:३ चित्र न ताणता बाजूंना काळ्या पट्ट्या) आणि टीव्हीला 'ओरिजिनल' ही जोडी ठेवा. कडेची अक्षरं किंचित कापली जात असतील तर तो ओव्हरस्कॅन, टीव्ही चित्र जरा मोठं करून कडा बाहेर ढकलतो. 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' चालू केलं की संपलं.

कॉलनीच्या गणपतीत प्रोजेक्टर भाड्याने आणणार असाल तर आधी त्याचं मूळ रिझोल्यूशन, म्हणजे आडवे × उभे ठिपके किती, ते विचारा. १०२४ × ७६८ चा असेल तर तो ४:३ आहे. त्यावर १६:९ चा सिनेमा लावला की पाव भाग काळा जातो आणि तेवढा उजेड वाया, जो मोकळ्या मैदानात आधीच कमी पडतो. भाषणं आणि जुने फोटो दाखवायचे तर तो चालेल. सिनेमा किंवा मॅचसाठी १९२० × १०८० चाच मागा.