भर उन्हाळ्यात लॅपटॉपखालचा कूलिंग पॅड : अडीच महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हा बॉक्स उघडल्या उघडल्या लिहिलेला रिव्ह्यू नाहीये. पॅड येऊन अडीच महिने झालेत आणि ह्या अडीच महिन्यांत पॅकेजिंगची तीन कामं, एका ब्रँडची सगळी आयडेंटिटी आणि ४५ सेकंदांचं एक थ्रीडी ॲनिमेशन एवढं सगळं एकाच लॅपटॉपवर काढलंय, तेही टेरेसच्या बरोबर खालच्या घरात, जिथे दुपारी स्लॅब एकदा तापला की रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी गरम लागतो. तर जे लिहितीये ते तसल्या खोलीतलं आहे.

घ्यायचं कारण ॲनिमेशनचं काम. सकाळी एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे ॲनिमेशनचं एक चित्र कॉम्प्युटरने तयार करायला, साधारण ४० सेकंद लागत होते, दुपारी अडीचला बघितलं तर तीच फाइल, तेच लाइट, तेच सेटिंग आणि एका फ्रेमला १ मिनिट १० सेकंद. आधी वाटलं मीच काहीतरी चालू ठेवलंय, सगळी ॲप्स बंद केली, ब्राउझर बंद केला, काही फरक नाही. कीबोर्डच्या वरच्या ओळीवर बोट ठेववत नव्हतं. आणि चार वाजता स्क्रीन काळी झाली, लॅपटॉप आपला आपण बंद. क्लायंटला दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल द्यायची होती. त्या रात्री मी लॅपटॉप खिडकीत ठेवून, समोर टेबल फॅन लावून, पहाटे साडेचारपर्यंत जागून काम संपवलं आणि सकाळी पहिलं काम काय केलं तर पॅड ऑर्डर केला.

होतं काय तर प्रोसेसर एका मर्यादेपर्यंत तापला, बहुतेक लॅपटॉपमध्ये ती ९५ ते १०५ अंशांच्या मधे कुठेतरी असते, की तो स्वतःला वाचवायला स्वतःचा स्पीड कमी करतो. ह्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही उष्णता वाढतच राहिली तर मशीन बंद पडतं. लॅपटॉपचा फॅन खोलीतलीच हवा आत ओढून तिने चिपची, म्हणजे प्रोसेसरची, उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे खोली १० अंशांनी गरम असेल तर तेच काम करताना चिपही जवळपास तितकीच जास्त तापते. ॲपलने मॅकबुकसाठी आजूबाजूच्या हवेची मर्यादा १० ते ३५ अंश दिलीये. माझा लॅपटॉप मॅकबुक नाहीये, पण त्या आकड्यावरून कळतं की उन्हाळ्यातली बंद खोली किती काठावर असते. आणि म्हणूनच एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कुठलाही कूलिंग पॅड खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. त्याच्यात एसी नसतो, फक्त फॅन असतो. खोली ३६ अंशांवर असेल तर तो ३६ अंशांचीच हवा देणार, फक्त भरपूर आणि नेमकी हवी तिथे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पॅड कुठल्या प्रकारचा. मी दोन्ही वापरून बघितलेत, एक मैत्रिणीचा आणलेला आणि एक माझा. मैत्रिणीचा होता तो सगळीकडे दिसतो तसला, जाळी, त्याखाली चार-पाच छोटे फॅन, यूएसबीवर चालणारा. हवा येते पण लॅपटॉपच्या बुडाला आपटून बाजूंनी निघून जाते. शिवाय साध्या यूएसबी २.० पोर्टमधून मिळतात ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॉट, त्यात पाच फॅन जोरात फिरणार तरी कसे? माझा आहे तो एकाच मोठ्या फॅनचा, वर कडेने फोमची पट्टी, लॅपटॉप त्या पट्टीवर दाबून बसतो आणि हवेला लॅपटॉपच्या आत जाण्याशिवाय वाटच राहात नाही. ह्याला वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणजे बोर्डावरचा अजून एक प्लग गेला, पण फरक इथेच आहे.

एका रविवारी बसून नीट तुलना केली. खोली ३४ अंश, एकच सीन, प्रत्येक वेळी २० मिनिटं रेंडर, मधे मशीन पूर्ण गार होऊ दिलं. टेबलावर सपाट ठेवला तर चिप ९७-९८ वर आणि स्पीड सारखा पडत होता. नुसती मागची बाजू इंचभर उचलली, दोन जाड डायऱ्या घालून, तर ९५. मैत्रिणीच्या पॅडवर ९३-९४. माझ्या पॅडवर मधल्या स्पीडला ८७ च्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्पीड शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहिला. मला त्या ८७ पेक्षा हे शेवटचं महत्त्वाचं वाटतं. दुपारी तीनलाही फ्रेमला ४३-४४ सेकंद लागतायत म्हटल्यावर काम कधी संपेल हे क्लायंटला खात्रीने सांगता येतं, नाहीतर आपण अंदाजाने "संध्याकाळपर्यंत देते" म्हणतो आणि मग रात्रभर जागतो.

पण ह्या तुलनेच्या आधी मी लॅपटॉप आतून साफ करून घेतला होता हेही सांगायला हवं. पॅड आल्यावर पहिल्या दिवशी फरक अगदी थोडा होता आणि मी वैतागले होते. मग मागचं झाकण उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, बारीक पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला, पॅड कितीही जोरात हवा मारू दे ती पुढे जाणार कुठून. ब्लोअरने साफ करताना आतल्या फॅनचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने ते वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग खराब होऊ शकतं. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्टही वाळली होती, ती मी रिपेअरवाल्याकडून बदलून घेतली. तुमचा लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल आणि कधीच उघडला नसेल तर आधी हे करा, कदाचित पॅडची गरजच पडणार नाही.

अजून एक, घ्यायच्या आधी लॅपटॉप हवा कुठून ओढतो ते बघा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी प्रत्येक जाळीजवळ धरायची, आत ओढली जाते की बाहेर उडते ते लगेच दिसतं. बुडाशी जाळीच नसेल, हवा कीबोर्डमधून किंवा बिजागरीच्या बाजूने आत जात असेल, तर फोमवाल्या पॅडवर पैसे घालवू नका. आणि काही पॅड हवा वर मारण्याऐवजी खाली ओढतात, ते लॅपटॉपच्या स्वतःच्या फॅनच्या उलट काम करतात, तसला चुकूनही घेऊ नका.

आवाज. चार स्पीड आहेत, पैकी चौथा मी फक्त दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं असेल तेव्हाच लावते. तिसऱ्यालाही कॉलवर समोरच्याला घरघर ऐकू जाते, म्हणून कॉल आला की एक. दुसऱ्या स्पीडचा आवाज एकसुरी आहे, छताच्या पंख्यात मिसळून जातो, त्याची सवय झाली.

रोजच्या कामात जे बदललं ते मला जास्त लिहावंसं वाटतंय. आधी उन्हाळ्यात जड रेंडर सगळी रात्री, म्हणजे झोपेचं खोबरं, आणि रंगांचे निर्णय दिवसभर कधीही. आता दुपारी एक ते चार रेंडर लावून देते आणि मी तोपर्यंत कागदावर स्केच करते किंवा फाइलींची नावं, लेयर, बाकीचा सगळा पसारा आवरते, आणि रंगाचं काम सकाळी, डोळे ताजे असताना, बाहेरचा मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापला की मगच. पॅकेजिंगमध्ये हे फार लागतं कारण प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघायचा उजेड ५००० केल्विनचा, म्हणजे ठराविक पांढरा, हवा आणि दुपारी पडद्यातून येणाऱ्या पिवळट उजेडात मी एकदा लाल रंग इतका चुकवला होता की अख्खा सेट परत काढायला लागला. पॅडने रंग सुधारत नाहीत, उघड आहे, पण दिवसाची घडी बसली त्यामुळे ही चूक परत झाली नाही.

पॅडवर लॅपटॉप चांगलाच उंच होतो, म्हणून वेगळा कीबोर्ड असल्याशिवाय घेऊ नका, मनगटं आठवड्यात दुखायला लागतील. मी पेन टॅबलेट वापरते त्यामुळे चालून गेलं, फक्त लॅपटॉपची गरम हवा उजवीकडून बाहेर पडते ती सरळ पेन धरलेल्या हातावर यायची, शेवटी टॅबलेट थोडा पुढे घेतला. (घामाने हात टॅबलेटला चिकटतो त्यासाठी दोन बोटांचा ग्लोव्ह मिळतो, करंगळी आणि अनामिका झाकणारा, तो जरूर घ्या, इतकी छोटी वस्तू आणि इतका आराम.) आणि पॅड नसेल तरी लॅपटॉप मांडीवर ठेवून तासन्‌तास काम करू नका. सततच्या उष्णतेने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, डॉक्टरांकडे त्याला नावही आहे, एरिथेमा अ‍ॅब इग्ने.

बॅटरीसाठी मी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवलीये, कारण लिथियम बॅटरी गरमीत आणि सतत पूर्ण भरलेली राहिली की लवकर म्हातारी होते. पॅडमुळे बूड गार राहतं ही मदतच आहे. मात्र ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, तेव्हा पॅड वगैरे विसरा, चार्जर काढा, मशीन बंद करा आणि दुरुस्तीला न्या.

तक्रारी आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे लाइट. कडेने निळ्या-जांभळ्या एलईडीची पट्टी आहे आणि प्रत्येक वेळी पॅड चालू केला की ती पेटते, बंद करायला बटण तीन सेकंद दाबून धरायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. रात्री तो निळा उजेड टेबलावरच्या कागदावर पडतो, रंगाचं काम करणाऱ्या माणसाच्या टेबलावर असला उजेड का द्यावा? मी काळी टेप लावली. खालची धुळीची जाळी दर आठ-दहा दिवसांनी धुवावी लागते, नाही धुतली तर हवा कमी झालेली हाताला कळते. आणि सहा आठवड्यांत फोमची पट्टी एका कोपऱ्यातून सुटली, कंपनीला मेल केला तर "लॅपटॉपच्या वजनाने होतं" एवढंच उत्तर. मग डबल टेपने चिकटवली, आता ठीक आहे.

कोणी घ्यावा? ज्यांचं काम तासन्‌तास प्रोसेसर ताणणारं आहे, रेंडर, व्हिडिओ, मोठ्या फोटोशॉप फाइली, आणि जे एका जागी बसून काम करतात, त्यांनी घ्यावा, फोमवालाच घ्यावा. ज्यांना रोज ऑफिसला किंवा क्लायंटकडे लॅपटॉप न्यायचाय त्यांना हा जड पडेल, त्यांनी घडीचा साधा स्टँड घ्यावा आणि तापमानावर लक्ष ठेवावं. नुसती मेल आणि लेआउटची कामं असतील तर मागून इंचभर उचला, पुरतं.

मी पाचपैकी चार देतीये. एक गेला तो लाइटचा आणि फोमचा मिळून. कोणी ह्या पॅडला दुसरी जाड फोमची पट्टी लावून बघितली असेल तर कुठली आणि किती जाडीची ते नक्की सांगा, माझी परत सुटेल असं दिसतंय आणि अजून एक ॲनिमेशन बाकी आहे.