वाइनचा हातपंप आणि त्याची चार रबरी बुचं : नऊ महिने वापरल्यावर

काल रात्री चारपैकी तिसऱ्या बुचाने दगा दिला, म्हणून लिहायला बसले. पंप कसला ते तुम्हाला ठाऊकच असेल. उघडलेल्या बाटलीच्या तोंडात रबरी बूच घालायचं, वर पंप टेकवायचा, आठ-दहा वेळा हापसायचा, हवा निघाली की 'टक्' वाजतं. पंपाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती बुचाच्या डोक्यावरच्या चिरेबद्दल. हवा बाहेर जाते ती या चिरेतून, आणि मग चिरेने मिटून राहायचं असतं. चीर तांदळाच्या दाण्याएवढी आहे आणि सगळी वस्तू तिच्यावर उभी आहे.

पंप घेतला कशासाठी, ते आधी सांगते. ताई आणि मी महिन्यातून दोनदा बाहेर जेवायला जातो आणि निवांत तीन तास बसतो. त्या तीन तासांत कुणी घाई केलेली आम्हाला चालत नाही. गेल्या वर्षी ठरवलं की दर वेळी एका प्रदेशाची वाइन घ्यायची आणि तिच्या जोडीने सावकाश जेवायचं. अडचण लगेच कळली. ग्लासवर मिळतात त्या वाइन सगळीकडे त्याच त्या चार-पाच. ज्या वाइनला तिच्या मातीची, तिच्या द्राक्षाची ओळख आहे, ती बहुतेक यादीत बाटलीनेच घ्यावी लागते. बाटली ७५० मिलीची, म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. आम्हा दोघींना मिळून तीन पुरतात.

उरलेले दोन ग्लास आमच्या जेवणाच्या मुळावर आले. पैसे मोजून घेतलेली वस्तू टेबलावर सोडून उठणं मला जमत नाही, आईने तसं वाढवलेलंच नाही. मग शेवटच्या अर्ध्या तासात बाटली संपवण्यासाठी प्यायचं, चीज येईपर्यंत जीभ जड झालेली, गप्पांचा धागा सुटलेला. जेवण आमचं आणि वेग बाटलीचा. बाटली घरी आणली तर तिसऱ्या दिवशी तिला सोलून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास यायचा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, त्याचा तो वास. पुढे व्हिनेगरच्या वाटेला लागते ती वेगळीच.

म्हणून पंप. पहिले तीन महिने मी त्याच्या प्रेमात होते, हे कबूल करते. रेस्टॉरंटमधून उठतानाच पंप मारायचा, बाटली पिशवीत उभी ठेवायची, घरी फ्रिजमध्ये. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग द्राक्षाची पांढरी वाइन पाचव्या दिवशीही ताजी लागली. इटलीची बारोलो ही रेड वाइन तर दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी झाली. ती ज्या नेबिओलो द्राक्षाची असते त्याचं टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, इतकं कडक असतं की थोडी हवा तिच्या पथ्यावर पडते. नियमाप्रमाणे बारोलो किमान ३८ महिने मुरवावीच लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. अशी वाइन एका रात्रीत हिरमुसत नाही. त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग पोर्तुगालच्या उत्तरेकडची विन्यो व्हेर्दे घेतली. हलकी, जिभेवर किंचित चुरचुरणारी. पंप मारताना काचेच्या आत बारीक बुडबुड्यांची माळ वर चढताना दिसली. मला वाटलं हवा निघतेय. निघत होता तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तीच चुरचुर. दुसऱ्या दिवशी वाइन आंबट सरबतासारखी सपाट. फ्रान्सच्या लुआर नदीच्या मुखाजवळची मस्कादे, यीस्टच्या गाळावर मुरवलेली, तिचीही तीच गत. अशा वाइनना पंप लावू नका. फसफसणाऱ्या वाइनना तर नाहीच, तिथे आतला दाबच बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट असतो. डब्यातल्या कागदावर स्पार्कलिंगबद्दल एक ओळ आहे, किंचित चुरचुरणाऱ्या वाइनबद्दल एक अक्षर नाही.

चौथ्या महिन्यात पहिलं बूच गळायला लागलं. 'टक्' वाजायचं, सकाळी बूच उचललं तर सुस्कारा नाही. हवा आत शिरली की नाही याची एवढीच खूण असते: बूच काढताना 'स्स्' झालं तर ठीक, नाहीतर रात्रभर बाटली उघडीच होती असं धरा. स्पेनमधल्या रिओहा प्रदेशाची एक चांगली ग्रान रेझेर्वा मी अशी घालवली. किमान पाच वर्षं मुरवून बाजारात येणारी वाइन, नाजूक झालेली, आणि माझ्या घरी दोन रात्रींत तिचा रंग विटकरी पडला. दुसरं बूच महिन्याभरात गेलं.

कंपनीला लिहिलं. नाव घेत नाही, सगळ्यांची तऱ्हा थोडीफार सारखीच असावी. पहिलं उत्तर: वापरण्याची पद्धत तपासा, सोबत चित्र. दुसरं: बाटलीचं तोंड कोरडं आहे ना? तिसऱ्या वेळी मी व्हिडिओ पाठवला, बूच, पंप, घड्याळ, सगळं एका चौकटीत. उत्तर आलं की रबर ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. बरं, मग दोन बुचं विकत द्या. बुचं सुटी मिळत नाहीत, पूर्ण संच घ्या. म्हणजे ठणठणीत पंप घरात असताना दुसरा पंप विकत घ्यायचा, कशासाठी तर बोटाच्या पेराएवढ्या रबरासाठी. हे मला फार लागलं. पैशाचं एक झालंच, पण वस्तू बनवणाऱ्याला आपल्या वस्तूचा कुठला भाग आधी जातो हे माहीत असतं, आणि नेमका तोच भाग तो विकत नाही. एकूण सहा पत्रं झाली. सहाव्यानंतर उत्तर आलं नाही.

त्या रागातच मी एका रविवारी बूच भिंगाखाली धरलं. चिरेच्या दोन ओठांमध्ये जांभळट काळी खपली बसली होती, जॅमच्या बरणीच्या काठाला धरते तशी. बाटली गळ्यापर्यंत भरलेली असताना हापसलं की थेंब वर ओढले जातात, चिरेत अडकतात, वाळतात. मग ओठ मिटत नाहीत. रात्रभर कोमट पाण्यात बूच भिजत घातलं, सकाळी दोन बोटांनी दाबून चीर उघडली आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने घासली. पाणी जांभळं झालं. बूच बाटलीला लावलं, हापसलं, दुसऱ्या सकाळी लांब, खणखणीत 'स्स्'. मी ताईला फोन करून तो आवाज ऐकवला.

म्हणजे चार महिने मी रबराला दोष देत होते तो चुकीचा होता, आणि इथे माझं मत बदललं. दोन्ही बुचं परत कामाला आली. आता प्रत्येक वापरानंतर लगेच धुते. आणखी एक युक्ती सापडली: हवा काढून झाल्यावर चिरेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंब तसाच राहिला तर बूच धरतंय. हळूहळू आत ओढला गेला तर गळतंय. अर्ध्या मिनिटात निकाल. सहा पत्रांत हे कुणी सांगितलं नाही. चीर धुवा, एवढे दोन शब्द पुरले असते. कालचं तिसरं बूच मात्र खरंच गेलं, चिरेचं एक टोक फाटलंय, तिथे थेंब टिकतच नाही.

आता खरा प्रश्न. बूच नीट धरत असेल तर पंपाने फरक पडतो का?

हे मी आणि ताईने घरी पाहिलं. एकाच रिओहाच्या तीन बाटल्या घेतल्या, तिन्हींतून सारखीच वाइन काढली (त्या दिवशी पाहुणे होते, वाया काही गेलं नाही). एकीला पंप लावून फ्रिजमध्ये, दुसरीला तिचंच बूच घट्ट बसवून फ्रिजमध्ये, तिसरीला बूच लावून ओट्यावर. तिसऱ्या दिवशी ग्लासांच्या बुडाशी चिठ्ठ्या लावून डोळे मिटून चाखलं. ओट्यावरची दोघींनी पहिल्या घोटातच ओळखली. उरलेल्या दोन पाच-पाच वेळा अदलून बदलून चाखल्या. ताईचं तीनदा बरोबर आलं, माझं दोनदा. नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं.

मला वाईट वाटलं, पण कारण समजल्यावर पटलं. हातपंपाने हवा पूर्ण निघत नाही, बरीचशी निघते. शिवाय बाटली उघडून ओतताना वाइनमध्ये आधीच ऑक्सिजन विरघळतो, खोलीच्या तापमानाला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमपर्यंत. तो पंपाने फारसा बाहेर येत नाही, आत बसून आपलं काम करत राहतो. त्याला आवर घालते ती थंडी. तापमान साधारण १० अंशांनी उतरलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतल्या कौतुकाचा मोठा वाटा फ्रिजचा होता. रेडसुद्धा फ्रिजमध्येच ठेवा आणि पिण्याआधी पाऊण तास बाहेर काढा.

मग हवेशी भेट कमीत कमी कशी करायची? लुई पाश्चरने ते १८६६ मध्येच दाखवलं होतं: काठोकाठ भरून बंद केलेल्या नळीतली वाइन टिकते, अर्धवट भरलेल्या नळीत तीच वाइन रंग सोडते आणि साका धरते. मुद्दा मोकळ्या जागेचा आहे. म्हणून आता मी पिशवीत ३७५ मिलीची फिरकीच्या झाकणाची, उकळत्या पाण्याने धुतलेली बाटली नेते. टेबल राखतानाच फोनवर विचारून घेते, चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात, नाही म्हणाले तर वाद घालत नाही. वाढणारा मोठी बाटली उघडतो, आमच्यासमोरच लहान बाटली गळ्यापर्यंत भरतो, झाकण लावतो आणि ती बाजूला जाते. उरलेली ३७५ मिली म्हणजे अडीच ग्लास, दोघींना तीन तासांना व्यवस्थित. जेवणाच्या सुरुवातीलाच उद्याचा वाटा वेगळा झाल्यामुळे कुणी बाटलीकडे बघत नाही. सूप सावकाश येतं, मासा सावकाश येतो, मध्ये पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा. हेच तर हवं होतं. अशी भरलेली फ्रान्सची बोजोले, जिचा गामे द्राक्षाचा ताजेपणा एरवी दुसऱ्या दिवशीच उतरतो, माझ्याकडे सहाव्या दिवशी हसतमुख होती.

पंप तरीही फेकलेला नाही. लहान बाटली भरायची राहिली, किंवा दोन ग्लास घेतल्यावर घरून बोलावणं आलं, की पंपच कामाला येतो. मूळ बूच फुगलेलं असलं की परत आत जात नाही, तिथे रबरी बूच बरं, निदान पिशवीत सांडत नाही. आरगॉन वायू सोडणारं, सुईने बुचातून वाइन काढणारं यंत्र २०१३ पासून मिळतं आणि ते वेगळ्याच प्रतीचं आहे, पण वायूच्या नळकांड्या संपत राहतात. जी वस्तू चालवायला सारखी दुसरी वस्तू विकत घ्यावी लागते ती मला नको.

आजचा हिशोब: पंपाला तीन तारे, चिरेला एक, कंपनीच्या उत्तरांना शून्य. घेणार असाल तर आधी सुटी बुचं मिळतात का ते विचारा, मिळत नसतील तर दुसऱ्या कंपनीचा घ्या. आणि पोर्तुगालच्या मदिरा बेटावरच्या 'मदिरा' वाइनसाठी कुणी पंप सुचवला तर ऐकू नका. ती वाइन मुद्दाम तापवून, हवेत मुरवून केलेली असते, उघडल्यावर महिनोन्‌महिने टिकते. स्पेनमधल्या हेरेसची फिनो मात्र उलटी. ती पिंपात वर धरलेल्या यीस्टच्या सायीखाली हवेपासून झाकलेली वाढते, त्यामुळे उघडल्यावर तिला हवा सोसत नाही, चार दिवसांत संपवा.

येत्या शनिवारी फ्रान्सच्या जुरा भागातली व्हां जोन ही वाइन सांगितली आहे. साव्हान्यें द्राक्षाची, सहा वर्षांहून जास्त पिंपात, तीसुद्धा यीस्टच्या पडद्याखाली. बाटली तिची खास, ६२० मिलीची. पण फिनोसारखी ती हळवी नाही, उघडल्यावर आठवडेच्या आठवडे राहते. त्या रात्री पंप आणि लहान बाटली दोन्ही घरीच राहतील.