फुटबॉल एक्स्चेंजवर इन-प्ले ट्रेडिंग, काही महिने वापरल्यानंतर

फुटबॉल कळतं म्हणून इथं पैसे मिळतील असं वाटत असेल तर थांबा जरा. इन-प्लेमध्ये, म्हणजे मॅच चालू असताना पैज लावण्यात, तुमची लढाई टीमशी नसतेच, ती ऑर्डर अडकून राहते त्या चार-पाच सेकंदांशी असते. कसं ते सांगतो.

एक्स्चेंज म्हणजे लोक एकमेकांशी पैज लावतात ती साइट. तिथे बुकी नसतो, तुम्ही बॅक करता (हे होईल म्हणून पैसे लावता) तेव्हा समोर कोणीतरी ले करत असतो (हे होणार नाही म्हणून लावतो), आणि एक्स्चेंज नुसतं कमिशन कापतं, तेही त्या मार्केटमधल्या निव्वळ नफ्यावर. ही सिस्टिम मला अजूनही आवडते. समजा 3.00 ला (म्हणजे जिंकलो तर 100 चे 300 परत) 100 बॅक केले, टीमने गोल मारला, भाव 2.00 वर आला, तिथे 150 ले केले की पुढे कोणीही जिंको, 50 आपले (कमिशन वजा). मॅच संपायची वाटही बघायची नाही.

पण गोल झाला की मार्केट सस्पेंड होतं (थोडा वेळ बंद), न लागलेल्या, म्हणजे समोर कोणी न मिळालेल्या ऑर्डर उडतात, आणि परत उघडतं तेव्हा भाव ऑलरेडी नवीन जागी जाऊन बसलेला असतो, म्हणजे गोल बघून पळत जाऊन काही मिळत नाही. त्यात लाइव्ह ऑर्डर टाकली की लगेच लागत नाही, काही सेकंद मुद्दाम अडवून ठेवतात, नाहीतर स्टेडियममध्ये बसलेला माणूस सगळ्यांना लुटेल. ठीक आहे, नियम बरोबरच आहे. पण घरचं स्ट्रीमिंग त्याहून मागे असतं ना! भाव अचानक उडाला, मार्केट सस्पेंड झालं आणि आपल्या स्क्रीनवर अजून थ्रो-इन चाललाय, हे इतक्या वेळा होतं की आता मी चित्र बाजूला ठेवून लॅडरच (भावांची उभी यादी) बघतो. मॅच एन्जॉय करायची असेल तर त्या मॅचला ट्रेड करू नका, दोन्ही एकत्र जमत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी अंडर 2.5 मध्ये (मॅचमध्ये एकूण दोन किंवा कमी गोल होतील ही पैज) घालवला. गोल होत नाही तोवर याचा भाव बर्फासारखा वितळत राहतो, दर मिनिटाला थोडा. थोडा वेळ धरायचं, काही टिक (टिक म्हणजे भाव सरकण्याची सगळ्यात छोटी पायरी) खाली आलं की ले करून बाहेर. टिकचं एक लक्षात ठेवा, बहुतेक ठिकाणी 2.00 च्या खाली 0.01 ने भाव सरकतो, 2 ते 3 मध्ये 0.02 ने आणि 3 ते 4 मध्ये 0.05 ने, त्यामुळे 'दोन टिक मिळाले' याला भाव सांगितल्याशिवाय काही अर्थ नसतो. दोष एवढाच की दहा वेळा थोडं थोडं मिळतं आणि एक लवकरचा गोल सगळं घेऊन जातो. स्टॉप लॉस (ठरवलेल्या तोट्यावर आपोआप बाहेर) लावा म्हणतात, पण गोलच्या वेळी मधले भाव कुठे असतात, सरळ उडीच असते.

आणि इंज्युरी टाइमची (वाया गेलेल्या वेळेबद्दल 90 नंतर वाढवलेली) मिनिटं विसरू नका. 2022 च्या वर्ल्ड कपपासून रेफरी वाया गेलेला वेळ जास्त कडक मोजायला लागले. त्याच स्पर्धेत इंग्लंड-इराण मॅचचा शेवटचा गोल 90+13 ला पेनल्टीवर आला, 6-2. 88 व्या मिनिटाला 'आता काय होतंय' म्हणून एकदम कमी भावात पैसे अडकवणाऱ्यांनी तो आकडा बघून ठेवावा.

ले द ड्रॉ (मॅच ड्रॉ होणार नाही यावर पैसे लावायची पद्धत) बद्दल लोक फार बोलतात, मला ती ओव्हररेटेड वाटली. ड्रॉ 3.50 ला 100 ने ले केला तर रिस्क 250 ची. फेव्हरेटने पहिला गोल मारला तर मस्त, ड्रॉचा भाव वर जातो, बॅक करून निघायचं. पण कमकुवत टीमने मारला तर भाव जवळपास हलतच नाही, कधी उलट खालीच येतो, कारण सगळ्यांना वाटतं मोठी टीम बरोबरी करणारच. आणि 0-0 राहिलं तर दर मिनिटाला तोटा वाढत जातो.

मॅच ऑड्सचा (ही टीम, ती टीम की ड्रॉ, या मार्केटचा) निकाल 90 मिनिटं अधिक इंज्युरी टाइम एवढ्यावरच लागतो, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. 2022 ची फायनल आठवा, अर्जेंटिना 2-0 पुढे, एम्बापेने 80 आणि 81 व्या मिनिटाला दोन मारले, 90 मिनिटांनंतर 2-2. कप मेस्सीने उचलला, पण त्या मार्केटमध्ये ड्रॉ जिंकला. कपवर लावायचं असेल तर त्याचं मार्केट वेगळं असतं.

कॅश आउटचं (चालू पैज तिथल्या तिथे बंद करून देणारं) बटण मी वापरणं बंद केलंय. बॅक आणि ले भावात फट मोठी असली की ते बटण समोर दिसेल त्या भावाला काढून देतं, म्हणजे फटीचा खर्च आपला. त्यापेक्षा स्वतः ऑर्डर टाकून दोन-तीन टिक चांगला भाव मागावा, लागली तर लागली. पण हे मोठ्या लीगमध्येच, छोट्या लीगमध्ये समोर कोणी नसतंच, आत शिरता येतं, बाहेर पडताना भाव नाही.

अ‍ॅपवर भाव बघायला ठीक, ऑर्डर मात्र लॅपटॉपवरून. आणि जिथे हे कायदेशीर आहे, परवाना आहे, तिथेच, लिमिट सेट करून. डिपॉझिट लिमिटचं सेटिंग अकाउंटमध्ये शोधायला जरा खोल जावं लागतं, पहिल्या दिवशीच शोधून लावून टाका.