परसात अवाढव्य भोपळा : अटलांटिक जायंट, डांगर, कोहळा की तुंबा?

परसात गुंठाभर जागा मोकळी आहे, पाण्याची सोय आहे, आणि एकदा तरी दोघांनी मिळून उचलावा लागेल एवढा भोपळा पिकवून बघायचाय. ही हौस असलेला माणूस बहुतेक वेळा ऑनलाइन 'जायंट पंपकिन' लिहिलेलं बियांचं पाकीट मागवतो. मीही पाच वर्षांपूर्वी तेच केलं. तेव्हापासून साताऱ्याजवळच्या आमच्या परसात चार प्रकारचे मोठे वेल लावून झाले. कुणी विचारलं तर आता मी आधी उलट विचारते: मोठा भोपळा कशासाठी हवाय? वजनासाठी, खाण्यासाठी, वर्षभर साठवण्यासाठी, की नुसता बघत राहावं म्हणून? प्रत्येक उत्तराचा वेल वेगळा आहे.

अटलांटिक जायंट

विक्रमी वजनाचे जे फोटो आपण बघतो ते जवळजवळ सगळे याच वाणाचे आणि त्याच्या वंशाचे. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधल्या विंडसर गावी हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करत हे वाण घडवलं. 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं जगातला सर्वांत जड भोपळा त्यांच्याच शेतातला होता. 1981 साली त्यांचं फळ 493.5 पौंड, म्हणजे सुमारे 224 किलो भरलं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे 1,247 किलोंच्या आसपास गेला, आणि 2025 मध्ये इंग्लंडमधल्या इयन आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांनी सुमारे 1,279 किलोंवर तोही विक्रम मोडला. विंडसरला तर 1999 पासून लोक असले भोपळे पोखरून त्यांत बसतात आणि वल्ही मारत पाण्यात शर्यत लावतात. लेकीकडे भोपळ्यात बसून निघालेल्या म्हातारीची गोष्ट ऐकत मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून बी मागवावंसं वाटणारच.

पण त्या वजनामागचा हिशेब आधी बघा. तिकडचे शेतकरी एका वेलाला 500 ते 1,000 चौरस फूट जागा देतात, म्हणजे आपला अर्धा ते एक गुंठा. वेलावर फळ एकच ठेवतात, बाकीची लहान असतानाच खुडतात. मुख्य वेल दहा-बारा फूट पुढे गेल्याशिवाय फळ धरू देत नाहीत, कारण तेवढी पानं मागे असल्याशिवाय पुढचं फळ पोसलं जात नाही. बाजूच्या फांद्यांवर पेऱ्यापेऱ्याला माती चढवतात, म्हणजे तिथेही मुळं फुटतात. फळाखाली वाळू, वर सावलीला कापड. भर वाढीच्या दिवसांत फळ रोज वीसेक किलोंनी वाढतं आणि वेलाला दिवसाला 300-400 लिटर पाणी लागू शकतं.

हे सगळं आपणही करू शकतो. आपल्याला देता येत नाही ते हवामान. या वेलाला दिवसा पंचविशीच्या आसपासचं तापमान, गार रात्र आणि लांबलचक दिवस लागतो. कॅनडा-इंग्लंडच्या उन्हाळ्यात हे तिन्ही एकत्र मिळतं. आपल्याकडे लांब दिवस एप्रिल-मेमध्ये, पण तेव्हा पारा चाळिशीकडे. अशा उन्हात नरफुलंच जास्त येतात, मादी कळ्या गळतात, आणि रात्रही उकाड्याची असली की पानांनी दिवसभर कमावलेलं वेल रात्री स्वतःच खर्च करून टाकतो. पावसाळ्यात उकाडा उतरतो, तर ऊन नसतं आणि पानं सतत ओली राहून केवडा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, पडतो. हिवाळ्यात रात्री छान गार, पण दिवस आखूड. महाबळेश्वर-पाचगणीचा गारवा कामाचा वाटेल, पण तिथला पाऊस हा नाजूक वेल सोसणार नाही.

माझा पहिला वेल जूनमध्ये लावलेला. ऑगस्ट उजाडायच्या आत पानं करपून गेली. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी बी टाकलं. जानेवारीत फळ उतरवलं ते 23 किलोंचं. आमच्या गल्लीत तेवढा भोपळा कुणी बघितला नव्हता, मुलं रोज येऊन त्यावर बसायची. तो आनंद खरा होता. मात्र अर्धा गुंठा जागा चार महिने अडकली, आणि चिरल्यावर गर पाणचट, दोरे दोरे निघालेला. घारगे करून बघितले, गूळ दुप्पट घालावा लागला.

बियांबद्दलही सांगते. तिकडे चांगल्या बियाला वंशावळ असते: फळाचं पौंडांतलं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल. ओहायोच्या क्रिस्टी हार्प यांनी 2009 मध्ये 1,725 पौंडांचा भोपळा पिकवला, तर त्याचं बी '1725 हार्प' म्हणून ओळखलं जातं. नुसतं रंगीत चित्र छापलेल्या पाकिटावर यातलं काही नसतं, आणि आतून काय उगवेल याचा भरवसाही नसतो. माझ्या पहिल्या पाकिटातल्या पाच बियांपैकी दोन उगवल्या, त्यातल्या एकीला वाटीएवढी फळं लागली. लावायचाच असेल तर वंशावळीचं बी मिळवा, ऑक्टोबरच्या तोंडावर लावा आणि क्विंटलाची स्वप्नं बघू नका. घरात शाळकरी मुलं असतील तर एक वर्ष जरूर करून बघा, असंही मी मनापासून म्हणेन.

डांगर, म्हणजे आपला लाल भोपळा

खायचा असेल तर दुसरा विचारच नको. अटलांटिक जायंट आणि बाजारातला आपला नेहमीचा डांगर दिसायला भावंडं वाटली तरी जाती वेगळ्या आहेत. ओळख देठावरून: जायंटचा देठ गोल, मऊ, बुचासारखा, डांगराचा कडक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरट. बहुतेक डांगरांच्या पानांवर पांढुरके ठिपकेही असतात. उकाडा आणि दमटपणा याला त्या मानाने चांगला सोसतो.

आकार वाणावर ठरतो. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का चंदन' दोन-तीन किलोंचं, दिल्लीचं 'पुसा विश्वास' पाचेक किलोंचं. मोठ्या फळासाठी मात्र मी गावरान बीच शोधेन. आठवडी बाजारात सर्वांत मोठा, जड आणि कडक देठाचा डांगर निवडायचा, खायचा आणि बी राखेत घोळवून ठेवायचं. वेलावर दोनच फळं ठेवली तर माझ्याकडे आठ-नऊ किलोंपर्यंत गेली आहेत. शिवाय फळांची वाटही बघावी लागत नाही: नरफुलांची भजी, कोवळ्या शेंड्यांची भाजी. शंभर-सव्वाशे दिवसांत फळ तयार होतं आणि देठासकट काढून हवेशीर जागी ठेवलं की तीन-चार महिने टिकतं.

बी मागताना नावाचा घोळ सांभाळा. विदर्भात 'कोहळं' म्हणजे हाच लाल भोपळा. माझ्या नागपूरच्या वहिनींनी 'कोहळ्याचं बी' म्हणून प्रेमाने पाठवलं आणि मी कोहळ्याची वाट बघत डांगराचा मांडव सजवला.

कोहळा

गुंठाभर जागा आहे, मोठं फळ हवंय, पण रोज तासभर वेलाशी बसायला वेळ नाही, असं म्हणणाऱ्याला मी कोहळा सुचवते. पांढरा, राखाडी भुकटी माखलेला, आग्र्याचा पेठा होतो तो. जूनच्या पहिल्या पावसावर लावला की त्याच्याकडे फारसं बघावं लागत नाही. दोन फूट लांब-रुंद-खोल आळं, त्यात दोन पाट्या कुजलेलं शेणखत, आळ्यात दोन वेल. वीस-पंचवीस फूट सहज पळतो. कोवळ्या फळावर लव असते, फळ पक्कं होताना ती जाते आणि मेणासारखी पांढरी भुकटी चढते. भुकटी नीट चढली की फळ काढायला आलं.

माझ्याकडे नेहमी आठ ते बारा किलो, एकदा सतरा किलो. वेलावर चार फळं सोडूनही हे वजन मिळतं, म्हणजे एका आळ्यातून मिळणाऱ्या एकूण किलोंत कोहळा जायंटलाही हरवतो. साठवणीत तर याला तोड नाही. त्या मेणाच्या आवरणामुळे ओल आत-बाहेर होत नाही, आणि शिंक्यात टांगलेला कोहळा सहा महिने सहज राहतो. दसऱ्याच्या सुमाराला मागणी असते, घरावर टांगायला लोक घेऊन जातात, उरलेल्याचे सांडगे, वड्या, पाक. ज्याला गोड डांगर आवडतो त्याला कोहळ्याची भाजी फिकी वाटेल, हे मात्र खरं.

मांडवावर चढवलात तर प्रत्येक फळाला सुतळीचं जाळं बांधा. आमचा मांडव एका रात्रीत दोन कोहळ्यांसकट खाली आला होता. त्या वर्षापासून मी कोहळा जमिनीवरच सोडते आणि फळाखाली भाताचा पेंढा घालते.

या तिन्ही वेलांना लागू

वेल मोठा, फुलं भरपूर आणि फळं मात्र पिवळी पडून गळतात, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. वेलाला सुरुवातीचे बरेच दिवस नुसती नरफुलं येतात, त्याची काळजी नको. मादी फुलाच्या मागे इवलं फळ असतं, पराग पोचले नाहीत की तेच गळतं. ते फूल सकाळी सहा ते आठच्या दरम्यान उमललेलं असताना नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातले पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचे. नऊनंतर उपयोग नाही. मधमाश्या भरपूर असतील तर याची गरज पडत नाही, पण मोठ्या फळासाठी मी नशिबावर सोडत नाही. फळ लिंबाएवढं झालं की फळमाशी येते. पंधरा दिवस कागदी पिशवी घाला आणि परसात क्यूल्यूरचा (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या वासाचा) एखादा सापळा टांगा. रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचता येतात.

तुंबा

हा चौथा वेल बहुतेकांच्या यादीत नसतो, आणि माझा जीव याच्यावर आहे. तानपुऱ्याचा आणि सतारीचा भोपळा. दुधीचाच भाऊबंद, पण कडू, गोल, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी तो पिकवतात आणि तो मिरजेला वाद्यं घडवणाऱ्यांकडे जातो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानाचा अर्धा वाटा मला या वेलाचा वाटतो. पुरुषी, म्हणजे पुरुष गायकांच्या मोठ्या तानपुऱ्याला लागणाऱ्या भोपळ्याचा घेर चार फुटांवर जातो. आकाराने दिपवणारा भोपळा आपल्याच मातीत होतो, त्यासाठी नोव्हा स्कॉशियाकडे बघायला नको.

याची फुलं पांढरी आणि संध्याकाळी उमलणारी, त्यामुळे परागीकरण दिवेलागणीनंतर करायचं. फळ लहान असतानाच देठ वर राहील असं अलगद उभं बसवलं तर तळ सारखा गोल होतो. मोठं झाल्यावर हलवायला गेलात तर देठ मोडतो. खायचं काहीच नाही, पैसेही मिळतील असं धरू नका, कारण वाद्याला घेर, गोलाई आणि सालीची जाडी तिन्ही जमावी लागतात. पावसाळ्यात लावलेला वेल सुकून जातो, फळ तिथेच उन्हात वाळत राहतं, पार उन्हाळ्यापर्यंत. तेवढे महिने जागा सोडायची तयारी असेल तरच लावा.

आणि एक धोका आहे, तो हलक्यात घेऊ नका. तुंबा आणि दुधी एकाच जातीचे असल्याने त्यांचा संकर होतो. यंदाच्या दुधीला काही होत नाही, पण त्याचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी कडू दुधी देऊ शकतं, आणि कडू दुधी, विशेषतः त्याचा रस, विषारी असतो. डांगर किंवा कोहळ्याचा दुधीशी असा संकर होत नाही.

यंदा आमच्याकडे कोहळ्याची चार आळी आहेत, डांगराची दोन, आणि बांधाकडच्या टोकाला तुंब्याचा एक वेल. सासूबाईंनी वीस वर्षं जपलेलं दुधीचं बी तेवढं वाईला बहिणीच्या परसात लावायला पाठवलंय.