कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या बोळातला फोटो स्टुडिओ: डॉज चेहऱ्यालाही आणि गिऱ्हाईकालाही

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो काम द्यायच्या तारखेसाठी, कामासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्टुडिओचं नाव लिहीत नाही कारण पुढं थोडी तक्रार आहे आणि मालक मामा वयानं मोठे आहेत. पण महाद्वार रोडच्या आतल्या बाजूला डार्करूमवाले कुठं बसतात म्हणून विचारलं की कोणीही हात करून दाखवतंय.

काम असं होतं. आजोबांचा एक निगेटिव्ह आईच्या ट्रंकेत होता, जुना १२० फिल्मचा चौकोनी. तालमीच्या दारात उभे, फेटा बांधलेला, वर कडक दुपारचं ऊन. त्यामुळं फेट्याची सावली बरोबर डोळ्यांवर पडलेली आणि घरात जे छोटं प्रिंट होतं त्यात फेटा आणि मिशी सोडली तर मधे नुसता काळा डाग. दुसरीकडं दाखवलं तर "स्कॅन करून बघू, गॅरंटी नाही" एवढंच. इथं मामांनी निगेटिव्ह ट्यूबलाईटसमोर धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चेहरा हाय की ह्यात. सावलीत बसलाय नुसता. डॉज मारला की येतोय वर."

मी इंग्रजीची ट्युशन घेतो त्यामुळं कान टवकारले. कोल्हापुरात डॉज शब्द कुणाला शिकवावा लागत नाही, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की पोरंटोरं पण "काय डॉज मारला बघ" म्हणून ओरडत असतात, समोरच्याला डावीकडं जातोय असं दाखवायचं आणि बॉल घेऊन उजवीकडनं निघायचं. पण फोटोत डॉज कोण कुणाला देणार? विचारलं तर मामा म्हणाले, "या की आत, बघाच."

डार्करूम म्हणजे न्हाणीघराएवढी खोली. तांबडा बल्ब, हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, तो आंबूस वास, मधे एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हमधलं चित्र मोठं करून खाली पाडणारं यंत्र. मामांच्या हातात सायकलची एक तार, तिच्या टोकाला काळ्या कार्डाची चकती, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. एनलार्जरचा दिवा लागला की निगेटिव्हमधनं उजेड खालच्या ब्रोमाइड पेपरवर, म्हणजे फोटो छापायच्या कागदावर पडतो आणि जिथं उजेड जास्त तिथं पेपर जास्त काळा होतो, हे आधी डोक्यात घ्यायला लागतं. आजोबांच्या चेहऱ्याची जागा निगेटिव्हमधे पातळ, म्हणून तिथनं उजेड धो धो येणार आणि तोंड काळं ठिक्कर होणार. तर वीसेक सेकंदातली पाच-सहा सेकंद ती चकती चेहऱ्याच्या वर धरायची, म्हणजे तेवढा वेळ उजेड चेहऱ्याला चुकला. आणि हात सतत हलता ठेवायचा. "थांबला की कडा दिसती, मग गिऱ्हाईक म्हणतंय डोक्याभोवती देवाचं वलय कुठनं आलं." मग पेपर डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या ट्रेमधे सोडला आणि आधी फेटा आला, मग मिशी, मग हळूहळू डोळे. जरा मिचकावलेले आहेत उन्हामुळं. आमच्या धाकट्या काकांचे डोळे अगदी तसेच आहेत हे तेव्हा कळलं.

आता शब्दाचं, कारण घरी येऊन मी तेच बघत बसलो. डॉज हा इंग्रजी शब्द लिखाणात सापडतो १५६० च्या दशकापासून, आणि त्याच्या आधी तो कुठनं आला हे भल्याभल्या कोशकारांनाही ठरवता आलेलं नाही, लॅटिन नाही, फ्रेंच नाही, असाच कुठनं तरी वाटेवरनं आलेला. गंमत म्हणजे सगळ्यात जुन्या अर्थात अंग हलवणं मुख्य नव्हतंच, जीभ होती. बोलण्यात इकडनं तिकडं करणं, आज हो उद्या नाही, सौद्यात घासाघीस करत ताटकळवणं, याला डॉज म्हणायचे. अंग चोरून झटकन बाजूला होणं, अंगावर आलेली वस्तू चुकवणं हे पुढं सतराव्या शतकात रुळलं. म्हणजे आपल्याला वाटतं आधी फटका चुकवणं असेल आणि त्यावरनं मग प्रश्न चुकवणं आलं असेल, तर उलटं आहे, आधी माणसं शब्दानं निसटायला शिकली. मला हे एकदम पटलं, कुठल्याही दुकानाच्या काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाला पटेल.

मग त्याचं नाम झालं, डॉज म्हणजे युक्ती, शक्कल, जरा चलाखीची. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलीत हे जोरात होतं. डिकन्सची ऑलिव्हर ट्विस्ट १८३७ ते १८३९ मधे मासिकातनं हप्त्याहप्त्यानं आली, त्यातला खिसेकापू पोरगा जॅक डॉकिन्स, त्याचं टोपणनावच आर्टफुल डॉजर. हे बऱ्याच जणांना माहीत असतंय. पण त्याच पुस्तकात खिसेकापूंचा म्होरक्या म्हातारा फॅगिन एकाला काम सांगतो की एका बाईला डॉज करायचंय, आणि तिथं अर्थ काय, तर चुकवणं नाही, तिच्या नकळत तिच्या पाठीवर राहणं! गुपचूप पाठलाग करायचा म्हणजे पण लपतछपत, या भिंतीआडनं त्या भिंतीआड, म्हणून तोच शब्द. पळणाऱ्यालाही डॉज आणि पाठलाग करणाऱ्यालाही डॉज. हा दुसरा अर्थ पुढं मेला, आज वर्गात कुणी तसं वाक्य केलं तर मीच तांबडी रेघ मारेन.

१८६० च्या आसपास त्यातनं डॉजी निघालं, म्हणजे संशयास्पद, भरवसा न ठेवण्याजोगं. ब्रिटिश लोक आज डॉजी वायरिंग पण म्हणतात आणि डॉजी माणूस पण. अमेरिकेत ब्रुकलिनमधे १८९० च्या दशकात विजेच्या ट्राम धावायला लागल्या आणि तिथल्या लोकांना ट्राम चुकवत रस्ता ओलांडायला लागायचा म्हणून त्यांना ट्रॉली डॉजर म्हणायला लागले, त्यावरनं बेसबॉलच्या टीमचं नाव डॉजर्स पडलं. १९५८ ला टीम लॉस एंजेलिसला गेली, ब्रुकलिनच्या ट्राम तोवर बंदही पडल्या होत्या पण नाव तेच. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सक्तीची भरती चुकवणाऱ्याला ड्राफ्ट डॉजर. कर चुकवायची युक्ती म्हणजे टॅक्स डॉज, त्यावर मी बोलत नाही, व्यापारी पेठेत राहतो. आणि जुन्या लोकांना आठवत असेल तो डॉज ट्रक, त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही, ते अमेरिकेतल्या दोन भावांचं आडनाव, आणि ते आडनाव रॉजर या नावाच्या लाडक्या रूपावरनं आलेलं.

फोटोवाल्यांनी हा शब्द उचलला त्यात मला दोन्ही अर्थ दिसतात, उजेडाला चुकवणं पण आणि कारागिराची शक्कल पण. बदमाशीचा वास असलेला शब्द इथं येऊन एकदम सज्जन झाला. मामा काही खोटं घालत नाहीत, जे निगेटिव्हमधे आहे तेच बाहेर काढतात. मूकपटांच्या काळात सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा स्वतः बनवला त्या गावात अशी सायकलच्या तारेची अवजारं बघायला मिळाली की बरं वाटतं.

बाहेर कॉम्प्युटरवर मामांचा मुलगा बसतो, फोटोशॉपवर काम करतो, हात चांगला आहे. त्याच्या स्क्रीनवर डॉज टूलचं जे चिन्ह आहे ते म्हणजे मामांची तीच चकती, काडीवर गोल. त्याला विचारलं हे काय आहे तर म्हणाला "लॉलीपॉप". बाप आत तेच हातात घेऊन उभा आहे राव! शेजारचं बर्न टूल म्हणजे मुठीसारखा वळवलेला हात, डार्करूममधे दोन्ही हातांची फट करून फक्त एका भागाला जास्त उजेड द्यायचा आणि तेवढंच काळं करायचं, त्याचं चित्र. हे सांगितल्यावर पोरगं उठून आत बघायला गेलं, तेवढं पुण्य माझ्या नावावर.

पण मुलाकडनं काम करून घेणार असाल तर एक गोष्ट आधीच बजावून सांगा, गोरं करू नको. मी तुलना म्हणून त्याच्याकडनं पण एक प्रिंट काढून घेतलं, तर आजोबांच्या गालावर डॉज टूल इतकं फिरवलं होतं की उन्हातान्हात शेतात राबलेला माणूस पावडर लावून बसल्यासारखा दिसायला लागला, सुरकुत्या गेल्या, सावलीच्या जागी करडा पट्टा आला. त्याचा दोष नाही, गिऱ्हाईकंच मागतात म्हणे, "जरा उजळ करा". दुसऱ्यांदा सांगून केलं तेव्हा ठीक आलं. तरी डार्करूमच्या प्रिंटमधे फेट्याची वीण आणि डोळ्यांतला उजेड जो आहे तो स्क्रीनवाल्यात नाही. माझं मत विचाराल तर निगेटिव्ह असेल तर मामा, फक्त जुनं प्रिंट असेल तर मुलगा.

आता कापलेला स्टार. तारीख विचारली की मामा सोळाव्या शतकात जातात. "झालंच म्हणा की." पुढच्या वेळी, "पेपर मुंबईस्नं यायचाय." मग "पाणी न्हवतं आलं, धुवाय पायजे का नको?" मग "वाळाय टाकलंय सर, ओलं न्हेताय का?" आणि हे सगळं इतक्या गोड आवाजात की रागवायची सोय नाही, वर चहा सांगतात. गेलेल्या माणसाचा फोटो दिवसकार्याला पाहिजे असेल तर इथं अवलंबून राहू नका, एका बाईंचा जीव टांगणीला लागलेला मी स्वतः बघितलाय. तसं मामांना स्पष्ट सांगितलं की ते मुलाकडं पाठवतात, पण आपण विचारायला लागतं.

रेट मला योग्य वाटले. बारा बाय पंधराचं डार्करूम प्रिंट डिजिटलच्या साधारण दुप्पट पडतं, पण त्यात टेस्ट स्ट्रिप, म्हणजे उजेड किती वेळ द्यायचा हे बघायला आधी काढलेली पट्टी, दोन-तीन फुकट गेलेले पेपर सगळं आलं, वेगळं लावत नाहीत. लॅमिनेशनचा आग्रह करतील, नको म्हणा, ब्रोमाइडला काचेची फ्रेमच बरी आणि काच फोटोला चिकटू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घाला. फोनपे चालतं, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. गाडी बोळात नेऊ नका, देवीच्या गर्दीत अडकाल, बिंदू चौकात लावून चालत या. आणि प्रिंट घेताना निगेटिव्ह आठवणीनं मागून घ्या, ते पाकिटात घालून ड्रॉवरमधे ठेवतात आणि विसरतात, त्या ड्रॉवरमधे कुणाकुणाचे आजोबा पडलेत देव जाणे.