गाडीला आरशासारखी चकाकी: हातानं, रोटरीनं की डीए मशीननं?

रात्री पार्किंगच्या एलईडी दिव्याखाली गडद रंगाच्या गाडीचं बॉनेट तिरकं बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल रेषांची जाळी दिसते. हे चरे खरं तर गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण ज्यांच्या कडेवरून प्रकाश आपल्या डोळ्यांकडे येतो तेवढेच दिसतात, म्हणून दिव्याभोवती गोल फेर धरल्यासारखे वाटतात. दिवा हलवला की जाळीही हलते. बहुतेक गाड्यांवर ही जाळी रोजच्या पुसण्यातून येते. सोसायटीत एका बादलीत आठ-दहा गाड्यांचा फडका पिळला जातो आणि फडक्यातली वाळू रंगावरून फिरते.

ही जाळी घालवायची म्हणजे नक्की काय करायचं, हे आधी समजून घ्या, कारण सगळी निवड त्यावरच ठरते. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन धरला तर तो केसापेक्षाही पातळ ठरतो. कंपाउंड, म्हणजे घासणारी पेस्ट, मारल्यानं चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश सरळ परततो आणि तीच चकाकी. म्हणजे प्रत्येक बफिंगला आपण क्लिअर कोटमधून थोडा खर्च करतो आणि तो परत येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारे घटकही त्याच थरात असतात. म्हणून मी तिन्ही पद्धती एकाच प्रश्नावर तोलते: किती थर खर्च करून किती चकाकी मिळते, आणि हात चुकला तर किती महागात पडतं?

हातानं पॉलिश करणं स्वस्त आणि बिनधोक. दाराच्या मुठीमागची नखांची खरवड, आरशाचा पाया, एखादा छोटा पट्टा, यासाठी हातच बरा. पण अख्ख्या गाडीची जाळी हातानं काढायची तर खांदे भरून येतात, दाब कमीजास्त होतो आणि कडक क्लिअर कोटवर फारसा फरक पडत नाही. हाताच्या पॉलिशनंतर जी चमक दिसते ती पुष्कळदा पॉलिशमधल्या तेलाची आणि चऱ्यात बसलेल्या फिलरची, म्हणजे भरावाची, असते. खात्री करायची तर पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मऊ मायक्रोफायबरनं ती जागा पुसा. जाळी परत दिसली, तर चरे गेलेच नव्हते.

रोटरी म्हणजे गॅरेजमध्ये दिसणारा नेहमीचा बफर. पॅड एकाच आसावर गोल फिरतो, त्यामुळे घासण्याची ताकद मोठी आणि उष्णताही मोठी. नव्यानं रंगवलेल्या पॅनेलवर २००० नंबरचा वॉटर पेपर फिरवल्यावर राहिलेल्या खुणा काढायच्या असतील, तर वूल पॅड लावलेल्या रोटरीइतकं झटपट काम कशानंच होत नाही. जाणत्या कारागिराच्या हातात ती फार सुंदर चालते. पण बॉनेटच्या धारेवर पॅड क्षणभर जास्त थांबला तरी थर जळतो, कारण कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. प्लास्टिकच्या बंपरवर तर आणखी जपायला हवं. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवतं.

रोटरीचा दुसरा दोष मी माझ्याच गडद निळ्या गाडीवर बघितला. एका गॅरेजमधून बफिंग करून आणली तेव्हा शेडमध्ये गाडी अगदी नवी वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या उन्हात बॉनेटवर धुरकट, पट्ट्यापट्ट्यांची नागमोडी चमक होती आणि मी बाजूनं चालले की ती माझ्याबरोबर सरकत होती. याला होलोग्राम म्हणतात. भरड पॅडच्या खुणा शेवटच्या बारीक टप्प्यात काढल्या नाहीत की त्या राहतात. वर लावलेल्या तेलकट ग्लेझमुळे त्या पहिल्या दिवशी दिसल्या नव्हत्या. त्या काढायला पुन्हा पॉलिश करावं लागलं, म्हणजे पुन्हा थर खर्च झाला. याचं मला आजही वाईट वाटतं.

डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीन, इथंच वेगळं पडतं. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी मध्यापासून जरा बाजूला सरकलेल्या छोट्या वर्तुळातही झुलतो. या झुलण्याचं माप ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असं असतं. दोन गती एकमेकींत मिसळल्यामुळे पॅड एकाच रेषेत घासत नाही आणि होलोग्राम सहसा उमटत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या डीएवर जास्त दाब दिला तर पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. शिकणाऱ्याला हे मोठं संरक्षण आहे. पॅडमागच्या प्लेटवर मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. थरथरतच राहिली तर दाब कमी करा.

डीएची किंमत वेळेत मोजावी लागते. रोटरी जे काम दहा मिनिटांत करते त्याला डीएवर अर्धा तास लागू शकतो, आणि खोल चऱ्यांवर ती कमी पडते. तरी नखानं हळूच चाचपून बघा: नख अडकत असेल तर तो चरा कुठल्याच पॉलिशनं पूर्ण काढायला जाऊ नये, तो टचअपचा विषय आहे. विकत घेणार असाल तर घरच्या वापराला १५ मिलिमीटरचं मशीन पुरे. २१चं मशीन बॉनेट आणि टपावर भराभर चालतं, पण वळणदार भागांवर अडतं.

घरी करणाऱ्यानं घाई करू नये ती सुरुवातीच्या तयारीत. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. आधी दोन बादल्यांनी धुणं (एक साबणाच्या पाण्याची, एक फडका खळबळायची), मग क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखी मऊ वडी, भरपूर ओलाव्यावर फिरवून रंगाला चिकटलेली लोखंडाची पूड आणि रंगाचे तुषार उचलणं. स्लॅबमधून गळलेले सिमेंटचे थेंब नखानं खरवडू नका. पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरची ओली पट्टी ठेवून मऊ करा आणि लगेच धुवा. रबर, काळं प्लास्टिक आणि पॅनेलच्या धारा मास्किंग टेपनं झाका. मग बॉनेटवर दोन फूट बाय दोन फूट जागा घ्या, मऊ फोम पॅड, बारीक पॉलिशचे तीन-चार वाटाण्याएवढे ठिपके, सेकंदाला साधारण एक इंच या चालीनं आडवे-उभे चार फेरे. पुसा, दिव्याखाली बघा. बहुतेक जाळी गेली असेल तर तिथंच थांबा आणि अख्ख्या गाडीला तेच वापरा. नाही गेली तरच जरा जास्त घासणारा पॅड आणि कंपाउंड घ्या. उरलेल्या एक-दोन रेषांसाठी जास्त थर घालवू नये असं मला मनापासून वाटतं. त्या फक्त तुम्हालाच दिसतात.

आता कोणी काय घ्यावं? गाडी पांढरी किंवा चंदेरी आणि वर्षा-दोन वर्षांची असेल, तर मशीनच्या वाटेला जाऊ नका. क्ले, एक सीलंट (रंगावर चढवायचा कृत्रिम संरक्षक लेप), आणि गाडी पुसणाऱ्याला आपला स्वच्छ मायक्रोफायबर द्या. गडद रंग, तीन-चार वर्षांची गाडी आणि सगळीकडे जाळी असेल तर डीए. एखादं पॅनेल नुकतंच रंगवलंय आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहिलाय, तर आधी वॉटर पेपर आणि मग रोटरी, पण अनुभवी हातात, आणि शेवटचा टप्पा डीएवर. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर पॅडला गाडीचाच रंग लागेल. घाबरू नका, पण भरड काहीही वापरू नका; मऊ फोम किंवा हातच बरा.

वरच्या थराबद्दल थोडक्यात. मेण, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग चकाकी राखतात, चरे काढत नाहीत. सिरॅमिकखाली राहिलेली जाळी कोटिंग उतरवेपर्यंत तशीच राहते, म्हणून आधी पॉलिश, मग कोटिंग. जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे; वाळूच्या कणाला ते अडवत नाही. कार्नौबा मेण ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून येतं, काळ्या-लाल रंगावर त्याची ऊब फार छान दिसते, पण विदर्भातल्या मे महिन्यात आणि कोकणच्या पावसात ते थोडेच आठवडे टिकतं. कोटिंगवरही बोअरचं पाणी उन्हात वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात.

काम बाहेर द्यायचं ठरवलंत तर आधी विचारा, रंगाची जाडी मीटरनं मोजणार का. मीटरवर एखाद्या पॅनेलचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला तर ते बहुधा रंगवलेलं आहे. आणि साधा मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. आपल्यासमोर एका छोट्या जागेवर करून दाखवा म्हणा. गाडी घ्यायला सकाळी जा, ग्लेझ किंवा मेण चढवण्याआधी ती उन्हात उभी करायला सांगा, अल्कोहोलनं पुसून घ्या आणि बॉनेटभोवती एक चक्कर मारा.