दगड एकच, पृष्ठभाग वेगवेगळे: ग्रॅनाइटच्या फिनिशांबद्दल वापरानंतरचा अभिप्राय

ग्रॅनाइट घेताना बहुतेक जण रंगावर तासभर खल करतात आणि पृष्ठभाग कसा हवा, हा प्रश्न ‘पॉलिशच द्या’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढतात. मीही प्रथम तेच केले होते. नंतर ओटा, जिना, अंगण आणि न्हाणीघर अशा चार ठिकाणी चार वेगळ्या फिनिशांसोबत काही वर्षे काढल्यावर माझे मत बदलले: रंग डोळ्यांना दिसतो, पण दगडाशी रोजचा संबंध येतो तो त्याच्या फिनिशमुळे. म्हणून हा अभिप्राय कोणत्याही एका दगडाचा नसून फिनिशांचा आहे.

पॉलिशपासून सुरुवात करतो, कारण तेच सर्वांना परिचित आहे. कापलेल्या स्लॅबवर हिऱ्याच्या कणांचे दगड क्रमाक्रमाने बारीक करत फिरवले जातात आणि शेवटी बफ करून आरशासारखी झिलई आणली जाते. पृष्ठभागावरून प्रकाश विखुरत नाही, त्यामुळे दगडाचा रंग सर्वांत गडद आणि खोल दिसतो. सूक्ष्म छिद्रे त्यातल्या त्यात मिटलेली असल्याने डागही सहज मुरत नाहीत. ओट्यासाठी याहून सोयीचे काही मला अजून सापडलेले नाही. एका ओल्या फडक्याने काम भागते. जमिनीवर मात्र हीच गोष्ट उलटते. ओल्या पॉलिशवर पाय सरकतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्याहून कमी लक्षात येणारा दोष असा की, चपलांबरोबर येणारी वाळू बहुतांशी क्वार्ट्झ या कठीण खनिजाची असते. मोह्सच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झची कठीणता 7 आहे आणि ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारची सुमारे 6, त्यामुळे ज्या वाटेने माणसे रोज चालतात त्या पट्ट्यातली तकाकी हळूहळू उतरते आणि कडेची तशीच राहते. जागेवर पुन्हा पॉलिश करता येते, पण कारखान्यातल्या जड यंत्राच्या दाबाखाली आलेली झिलई हातयंत्राने तंतोतंत साधत नाही. उन्हाच्या तिरक्या कवडशात हा फरक उघडा पडतो.

होन फिनिश म्हणजे हेच काम मधेच थांबवणे. घासण्याची प्रक्रिया साधारण 400 क्रमांकाच्या दाण्याच्या आसपास संपवली की पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत राहतो, पण चमकत नाही. झिलईच नसल्याने चालण्याची वाट उमटून दिसण्याचा प्रश्न बराच कमी होतो, म्हणून घरातल्या जमिनीसाठी मी पॉलिशऐवजी होनच सुचवीन. गडद दगडावर मात्र त्याचा एक त्रास आहे: तेलकट बोटांचे ठसे इतके स्पष्ट उमटतात की पुसण्याचे काम संपतच नाही. छिद्रे अधिक उघडी असल्याने सीलरही, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून लावायचा द्रव, वेळेवर लावावा लागतो.

आता ज्या फिनिशने मला सर्वांत जास्त शिकवले, त्या फ्लेमबद्दल. दगडावरून अतिशय तापलेली ज्योत ठरावीक वेगाने फिरवली की वरचे स्फटिक तडतडून कपच्यांच्या रूपाने उडतात आणि खाली खरखरीत, चकचकणारा पृष्ठभाग उरतो. यामागचे कारण क्वार्ट्झमध्ये आहे: सुमारे 573 अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचना बदलते आणि तो एकदम प्रसरण पावतो, पण शेजारची खनिजे तितकी फुगत नाहीत. हे मला आधी माहीत असते तर अंगणाच्या पायऱ्यांसाठी मी काळा दगड निवडून त्यावर फ्लेम मागितला नसता. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारे बहुतेक दगड भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो असतात आणि त्यांत क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. ज्योतीने ते तडतडण्याऐवजी नुसते तापतात. ज्या कारागिराला काम दिले होते त्याने नकार न देता ज्योत अधिक वेळ धरली आणि माझ्या हाती आल्या त्या ठिकठिकाणी करड्या डागांच्या, कोपऱ्यांना चिरा गेलेल्या पायऱ्या. दोष अर्धा त्याचा, अर्धा माझा. विचारायला हवे होते आणि मी विचारले नाही.

त्या पायऱ्या काढून भरपूर क्वार्ट्झ असलेला करडा ग्रॅनाइट बसवला आणि त्यावरचा फ्लेम मात्र उत्कृष्ट निघाला. पावसात भिजलेल्या पायरीवरही पाय घट्ट रोवला जातो. रंग कोरडा असताना फिका दिसतो आणि ओला झाला की मूळ छटा परत येते, ही मला त्याची गंमतच वाटते. घेताना जाडीकडे लक्ष द्यावे: उष्णतेने वरच्या काही मिलिमीटरमध्ये सूक्ष्म भेगा पडतात आणि दगडाची वाकण्याची ताकद कमी होते, त्यामुळे 20 मिलिमीटरपेक्षा पातळ स्लॅबवर फ्लेम करू नये आणि पायऱ्यांसाठी 30 मिलिमीटर घेतलेला बरा. स्वच्छतेला पोछा निरुपयोगी आहे, त्याचे दोरे अडकून तुटतात. ताठ ब्रश आणि पाणी हाच मार्ग. अनवाणी चालणाऱ्यांना तो टोचतो, म्हणून न्हाणीघरात फ्लेम लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

न्हाणीघरासाठी मी लेदर निवडले. हिऱ्याचे कण असलेल्या तारांचे ब्रश फिरवून मऊ कण जास्त आणि कठीण कण कमी झिजवले जातात, त्यामुळे हाताला चामड्यासारखा हलका चढउतार जाणवतो. रंग फ्लेमसारखा उतरत नाही, ठसे होनसारखे उमटत नाहीत आणि तळपायाला ते सुखद लागते. काळ्या दगडावर तर लेदर विशेष शोभते आणि ज्योतीची गरज नसल्याने माझ्या पायऱ्यांसारखी फसगतही होत नाही. तक्रार एवढीच की, खोलगट भागांत पाणी साचून राहते आणि ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके दिसतात. ओट्यावर लेदर घेणाऱ्यांनी सांडलेली भुकटी पुसायला एकाऐवजी तीन वेळा फडके फिरवण्याची तयारी ठेवावी.

बुश हॅमर माझ्या घरात फक्त गाडीच्या उतारावर आहे. टोकदार दात असलेल्या हातोड्याने पृष्ठभाग ठोकून काढतात. पूर्वी हेच काम हाताने टाकी मारून होत असे. पकड फ्लेमइतकीच भक्कम, पण चिरडलेल्या स्फटिकांमुळे रंगावर पांढुरकी झाक येते आणि खळग्यांत माती बसते. उतार, खांब, बाहेरच्या भिंती यांना ते पुरेसे आहे. सँडब्लास्ट, म्हणजे दाबाने वाळूचा मारा करून खरखरीत केलेला पृष्ठभाग, त्याचाच सौम्य भाऊ. अक्षरे आणि नक्षी कोरण्यासाठी तो उत्तम, जमिनीसाठी मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

सीलरबद्दल गैरसमज फार आहेत. तो छिद्रांत मुरून डागांना उशीर लावतो. घसरण कमी करत नाही आणि दगड जलरोधकही करत नाही. गरज आहे की नाही हे पाहायचे असेल तर पाण्याचा थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसावा, खाली गडद डाग राहिला तर सीलर लावण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

खरेदीच्या वेळी तळहाताएवढ्या कोरड्या नमुन्यावर निर्णय घेऊ नये. किमान फूटभराचा तुकडा मागावा, तो दिवसाच्या उजेडात जमिनीवर ठेवून ओला करावा, आधी चप्पल घालून आणि मग अनवाणी त्यावर उभे राहावे, थोडे तेल सांडून दुसऱ्या दिवशी पुसून पाहावे. फ्लेम हवा असेल तर त्याच लॉटमधल्या तुकड्यावर आपल्यासमोर ज्योत फिरवायला सांगावी. दगडात क्वार्ट्झ असेल तर तो तडतडलेला ऐकू येतो.